महापालिकेचा नोकरवर्गावरचा खरा खर्च कसा काढावा: पगार, ठेका आणि पेन्शन एकाच कागदावर

महापालिकेचे अंदाजपत्रक सादर झाले की बातमीत एक टक्केवारी हमखास येते: आस्थापना खर्च, म्हणजे नोकरवर्गावरचा खर्च, अमुक टक्के. महाराष्ट्रात महापालिकांसाठी हा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची मर्यादा आहे. ती ओलांडली की नोकरभरतीला परवानगी मिळणे अवघड होते. म्हणून या एका आकड्यावर बरेच काही अडते. अडचण अशी की नोकरवर्गावरचा खर्च अंदाजपत्रकात एका जागी नसतो. कायम कर्मचाऱ्यांचा पगार आस्थापनेत दिसतो, ठेक्यावरचे मनुष्यबळ देखभाल-दुरुस्तीत किंवा घनकचरा विभागाच्या एखाद्या कामात दडते आणि पेन्शनचा मोठा हिस्सा अजून अंदाजपत्रकात आलेलाच नसतो, कारण ती माणसे अजून नोकरीत असतात. हे तिन्ही एका कागदावर कसे आणायचे ते पुढे दिले आहे. हिशेब येणारा कोणताही नागरिक, नगरसेवक, पत्रकार किंवा संघटनेचा पदाधिकारी हे काम पंधरवड्यात करू शकतो. कागद मिळायला मात्र वेळ लागतो.

आधी कागद गोळा करा

लागणारे कागद असे: गेल्या तीन वर्षांची अंदाजपत्रके, त्याच वर्षांचे वार्षिक लेखे, शासनाने मंजूर केलेला आकृतिबंध (कोणत्या विभागात किती पदे याचा आराखडा), संवर्गनिहाय मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे, पुढील दहा वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची वर्षनिहाय संख्या, आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेक्यांचे कार्यादेश.

अंदाजपत्रक आणि लेखे बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावर असतात. कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन आणि विभागांना दिलेली तरतूद ही माहिती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार महापालिकेने स्वतःहून जाहीर करायची असते. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी संकेतस्थळ नीट चाळा. न मिळालेल्या माहितीपुरताच अर्ज करा.

महाराष्ट्रात माहितीचा अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिले अपील २० रुपये शुल्कासह. पगार, ठेका आणि पेन्शन एकाच अर्जात विचारले तर "एकापेक्षा अधिक विषय" म्हणून अर्ज अडकतो. तीन वेगळे अर्ज करा. पेन्शनसाठीचा मजकूर असा चालेल (त्यात उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, आणि अंशराशीकरण म्हणजे पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेणे):

"१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीतील प्रत्येक आर्थिक वर्षासाठी पुढील माहिती द्यावी. (१) वर्षअखेर निवृत्तिवेतनधारक व कुटुंब निवृत्तिवेतनधारकांची संख्या. (२) निवृत्तिवेतन, उपदान, अंशराशीकरण व रजा रोखीकरणावर झालेला प्रत्यक्ष खर्च, स्वतंत्रपणे. (३) वर्षअखेर प्रलंबित असलेली उपदान व अंशराशीकरणाची प्रकरणे व रक्कम. (४) निवृत्तिवेतन निधीत असलेली शिल्लक."

नावे मागू नका. व्यक्तिगत माहितीच्या कारणावरून नकार मिळण्याची वाट त्यातून मोकळी होते, आणि हिशेबाला नावांची गरजही नाही.

छेद आधी ठरवा

टक्केवारीत लबाडी झाली तर ती बहुतेक वेळा छेदात होते, म्हणजे ज्या उत्पन्नाने खर्चाला भागतो त्या आकड्यात. अंशात पगार लपवणे अवघड असते, उत्पन्न फुगवणे मात्र सोपे. म्हणून पहिले काम म्हणजे महसुली उत्पन्न वेगळे काढणे. त्यात मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क, भाडे, शुल्के आणि शासनाकडून नियमित मिळणारी भरपाई धरा. कर्ज, भांडवली अनुदाने, ठेकेदारांच्या अनामत रकमा आणि आरंभीची शिल्लक वगळा.

एकूण अंदाजपत्रकाशी तुलना केली तर चित्र किती फसवे होते ते मुंबईत दिसते. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे, पण त्यातला ४३,१६२ कोटींचा भाग भांडवली खर्चाचा. रस्ते, बोगदे आणि मलजल प्रक्रिया केंद्रांच्या आकड्यात पगार मिसळला की कोणताही पगार लहानच दिसणार.

दुसरी गोष्ट: अंदाज घेऊ नका, प्रत्यक्ष जमा घ्या. अंदाजपत्रकात साधारण चार रकाने असतात. गेल्या वर्षाचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. समजा महापालिकेने १,००० कोटी उत्पन्न धरले आणि आस्थापना ३१० कोटी. टक्केवारी ३१, म्हणजे मर्यादेच्या आत. वर्षअखेर जमा झाले ७८० कोटी, आणि पगार तर ३१० कोटी द्यावाच लागला. खरी टक्केवारी ३९.७. उत्पन्नाचा अंदाज चुकला तर रस्ता पुढच्या वर्षावर ढकलता येतो, पगार ढकलता येत नाही. त्यामुळे सगळी चूक टक्केवारीत उतरते.

उत्पन्नातली शासकीय भरपाई वेगळ्या ओळीत ठेवा. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात आणि इतरत्र उरलेला स्थानिक संस्था कर गेला आणि त्यांच्या जागी राज्याची भरपाई आली. भरपाई ठरवताना दरवर्षी ८ टक्के वाढ धरण्याची तरतूद कायद्यात आहे. अनेक महापालिकांचा पगार आज प्रत्यक्षात याच हप्त्यावर निघतो. मालमत्ता कराचा पाया किती वाढतो आहे हे भरपाई बाजूला काढल्याशिवाय कळत नाही.

अंश: आस्थापनेच्या बाहेर काय राहिले

बऱ्याच संस्था राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेच्या धर्तीवर हिशेब ठेवतात. त्यात आस्थापना खर्चाचे मुख्य लेखाशीर्ष (खर्च नोंदवायच्या खात्याचा क्रमांक) २१० आहे: पगार व बोनस, भत्ते, निवृत्तिवेतन आणि निवृत्तीच्या वेळचे इतर लाभ. प्रशासकीय खर्च २२० मध्ये आणि चालवणे-देखभाल २३० मध्ये. ठेक्यावरचा माणूस साधारणपणे २२० किंवा २३० मध्ये सापडतो. म्हणजे सफाईचे काम कायम कर्मचाऱ्याने केले तर ते ३५ टक्क्यांत मोजले जाते, तेच काम ठेकेदाराच्या माणसाने केले तर मोजले जात नाही. जागा रिक्त ठेवून ठेका वाढवण्याचे मोठे कारण हेच आहे आणि ते नियमाच्या रचनेतूनच तयार झाले आहे.

तुमच्या तक्त्यात पुढच्या गोष्टीही घ्या:

- परिवहन उपक्रमाला दिलेली तूट किंवा अनुदान. मुंबईत बेस्टला आणि पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये पीएमपीएमएलला महापालिकांकडून पैसे जातात. त्यातला मोठा भाग वाहक-चालकांच्या पगाराचा असतो.
- प्राथमिक शिक्षण. शिक्षकांच्या वेतनात शासनाचा वाटा किती आणि महापालिकेचा किती, हे वेगळे लिहा.
- प्रकल्पाच्या खर्चात टाकलेला अभियंत्यांचा पगार. हा भांडवली बाजूला जातो.
- ठोक मानधनावरचे डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, संगणक चालक.

टक्केवारीत निवृत्तिवेतन धरले आहे की नाही, हेही विचारा. दोन महापालिकांची तुलना करताना एकीने धरले आणि दुसरीने वगळले असेल तर ती तुलना निरर्थक ठरते.

ठेक्याचे बिल उलगडताना

"ठेक्यावर" या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार येतात. महापालिकेने थेट ठोक मानधनावर घेतलेला माणूस. याला सहा किंवा अकरा महिन्यांचा आदेश मिळतो आणि मध्ये एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड दिला जातो. दुसरा ठेकेदारामार्फत आलेला माणूस, ज्याचे बिल डोईप्रमाणे निघते. तिसरा कामाचा ठेका: प्रति टन कचरा, प्रति किलोमीटर बस. यात किती माणसे राबतात हे बिलावर दिसतच नाही. तिसऱ्या प्रकारात कार्यादेशासोबतचे दर पृथक्करण मागा. मजुरीचा हिस्सा त्यात असतो.

दुसऱ्या प्रकाराचे एक बिल जवळून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष किमान वेतन कामाच्या प्रकारानुसार आणि परिमंडळानुसार बदलते, आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारतो.

मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १८,००० रुपये. घरभाडे भत्ता ५ टक्के, ९०० रुपये. भविष्य निर्वाह निधीत नियोक्त्याचा भाग प्रशासकीय शुल्क आणि विम्यासह १३ टक्के. १५,००० च्या मर्यादेवर तो १,९५० रुपये होतो. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) नियोक्त्याचा भाग ३.२५ टक्के, १८,९०० वर ६१५ रुपये. बोनस ८.३३ टक्के, सुमारे १,५०० रुपये. बेरीज २२,९६५. त्यावर ठेकेदाराचे ५ टक्के सेवाशुल्क १,१४८. महापालिकेला एक माणूस २४,११३ रुपयांना पडला.

आता कामगाराच्या बाजूने. १८,९०० मधून भविष्य निधीचे १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे १४२ आणि व्यवसाय कर २०० गेले की बँकेत १६,७५८ रुपये जमा व्हायला हवेत. कामगाराच्या पासबुकात ११ किंवा १२ हजार दिसत असतील तर फरक कुठे गेला, हा प्रश्न थेट बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा. मधले पैसे महापालिकेच्या तिजोरीतूनच गेलेले असतात.

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. हजेरीपत्रकावरची माणसे आणि भविष्य निधीच्या चलनासोबतच्या यादीतली माणसे मोजा. संख्या जुळत नसेल तर एकतर बोगस हजेरी आहे किंवा निधी भरलेला नाही. चलनाच्या यादीत बिनपगारी दिवसांचा रकाना असतो. हजेरीपत्रकावर २६ दिवस आणि चलनात पगाराचे दहाच दिवस निघत असतील तर निधी कमी भरला गेला आहे. एकच चलन दोन ठेक्यांच्या बिलांना जोडणे हा प्रकारही आढळतो. चलनाचा क्रमांक आणि तारीख दोन्ही बिलांवर पडताळली की तो उघड होतो. सेवाशुल्क शून्याच्या जवळ भरलेली निविदा दिसली तर जास्त सावध व्हा. फायदा कुठून तरी काढायचा असतो, आणि तो बहुतेक वेळा मजुरीतून निघतो.

वस्तू व सेवा कराची ओळही तपासा. घनकचरा, पाणीपुरवठा, आरोग्य अशा संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतल्या कामांसाठी स्थानिक संस्थेला दिलेल्या निव्वळ सेवेला करातून सूट आहे. वरच्या बिलावर १८ टक्के कर लावला तर ४,३४० रुपये जास्त जातात. हजार कामगारांचे वर्षाचे पाच कोटींवर होतात. सूट लागू असताना कर आकारला गेला असेल तर ती वसुलीची बाब आहे.

ठेकेदाराने पगार थकवला तर जबाबदारी संपत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात मुख्य नियोक्त्यावर वेतनाची अंतिम जबाबदारी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही हे तत्त्व कायम आहे. त्यामुळे थकीत वेतन आणि थकीत भविष्य निधी हे महापालिकेचे संभाव्य देणे म्हणून तक्त्यात लिहावे.

त्याहून मोठे संभाव्य देणे न्यायालयातून येते. मुंबई महापालिकेतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला. ठेका हा केवळ देखावा आहे, असे सिद्ध झाले की मागील फरकासह पगार द्यावा लागतो. दुसऱ्या बाजूला, २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका सरसकट कायम करायला मनाई केली, आणि २०१६ च्या जगजित सिंग निकालाने समान कामाला समान वेतनाचे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लावले. प्रलंबित खटल्यांची यादी विधी विभागाकडून घ्या: किती कामगार, कोणत्या वर्षापासूनची मागणी. नित्याचे काम वर्षानुवर्षे ठेक्यावर करून घेणे स्वस्त आहे असे वाटते, पण या यादीचा हिशेब धरला की ते स्वस्त उरत नाही. आणि रोज पहाटे रस्ता झाडणाऱ्या माणसाला पंधरा वर्षांनंतरही रजा आणि निवृत्तीचा आधार नसावा, हे कोणत्याही ताळेबंदाने योग्य ठरत नाही.

पेन्शन: निवृत्तीच्या दिवशी आणि नंतर

राज्य शासकीय सेवेत १ नोव्हेंबर २००५ ही सीमारेषा आहे. त्याआधी लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना, नंतरच्यांना परिभाषित अंशदान योजना आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली. स्थानिक संस्थांनी हीच चौकट घेतली असली तरी आपल्या महापालिकेत कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या ठरावाने लागू झाली ते पाहून घ्या. सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार मिळणाऱ्या नेमणुकाही याच हिशेबात धरा. निवृत्त होणारा जुन्या योजनेचा आणि त्याचा वारस नव्या योजनेचा, असे दोन्ही खर्च एकाच वेळी सुरू राहतात.

जुन्या योजनेतल्या एका कर्मचाऱ्याचे उदाहरण घ्या. शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये, पूर्ण सेवा, वय ५८. निवृत्तिवेतन निम्मे, म्हणजे ३०,०००. त्यातले ४० टक्के अंशराशीकरणाने आगाऊ घेता येते. १२,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, म्हणजे १२,०५,४२४ रुपये. उपदान जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांचे. मूळ वेतनच धरले तरी ९,९०,०००. महागाई भत्ता ५० टक्के धरला तर ३०० दिवसांच्या अर्जित रजेचे रोखीकरण ९,००,०००. एका माणसामागे निवृत्तीच्या सुमारास जवळपास ३१ लाख. त्या वर्षी शंभर जण निवृत्त झाले तर ३१ कोटी रोख.

नंतर दरमहा: अंशराशीकरणानंतर १८,००० रुपये उरतात, पण महागाई भत्ता पूर्ण ३०,००० वर मिळतो, म्हणजे १५,०००. दरमहा ३३,०००. पंधरा वर्षांनी कापलेले १२,००० पुन्हा सुरू होतात. म्हणून खर्चाच्या आलेखात एक पायरी निवृत्तीच्या वर्षी आणि दुसरी पंधरा वर्षांनी येते. ही दुसरी पायरी अंदाज करताना सर्रास विसरली जाते. निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहते. सर्वसाधारण दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, सुरुवातीच्या ठरावीक वर्षांत वाढीव.

नव्या योजनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि नियोक्त्याचे १४ टक्के, मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर. दोन्ही मिळून ६०,००० धरले तर ६,००० आणि ८,४०० रुपये दरमहा. इथे फक्त एकच गोष्ट तपासायची आहे: पगारातून कापलेले पैसे आणि महापालिकेचा वाटा कर्मचाऱ्याच्या खात्यात खरोखर गेला का, आणि कोणत्या तारखेला. पगाराची रोकड कमी पडली की हा हप्ता मागे राहतो. कर्मचाऱ्याचे त्या काळातले गुंतवणुकीचे उत्पन्न बुडते आणि व्याजाचे देणे महापालिकेवर साचते.

दहा वर्षांचा तक्ता

कागदावर उभे दहा रकाने, दर वर्षासाठी एक. आडव्या ओळी: कायम कर्मचारी संख्या आणि पगार, ठेका, निवृत्तांची संख्या आणि मासिक निवृत्तिवेतन, त्या वर्षीचा निवृत्तीवेळचा रोख खर्च, नव्या योजनेचा हप्ता, महसुली उत्पन्न.

निवृत्तीचे वर्ष जन्मतारखेवरून निघते. राज्याच्या नियमांत गट अ ते क साठी ५८ आणि गट ड साठी ६० वर्षे. वेतनवाढ दरवर्षी ३ टक्के, महागाई भत्त्यात जानेवारी आणि जुलैला बदल. दोन्ही मिळून निवृत्तिवेतनाचा खर्च वर्षाला ७ टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांत तो जवळजवळ दुप्पट होतो. १०० कोटींचे १९७ कोटी.

वेतन आयोगाचा धक्का मोजताना चूक होते. सातव्या आयोगाचा गुणक (जुन्या मूळ वेतनाला ज्याने गुणून नवे वेतन काढतात तो आकडा) २.५७ होता, म्हणून खर्च अडीचपट झाला असे समजले जाते. पण १ जानेवारी २०१६ ला महागाई भत्ता १२५ टक्के होता आणि तो नव्या वेतनात विलीन झाला. २.५७ भागिले २.२५, म्हणजे खरी वाढ सुमारे १४ टक्के. आठव्या आयोगाला केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. तुमच्या तक्त्यात १०, १५ आणि २० टक्के अशा तीन शक्यता लावा. आयोग उशिरा लागू झाला तर फरकाची थकबाकी स्वतंत्र ओळीत लिहा. सातव्याच्या वेळी राज्याने ती पाच हप्त्यांत दिली होती. निवृत्तांचाही फरक असतो, तो सोडू नका.

शेवटी रिक्त पदे भरली तर काय, हे मांडा. नवा कर्मचारी सुरुवातीच्या वेतनावर येतो, निवृत्त होणारा शेवटच्या. शिवाय नव्याची पेन्शन हप्त्याहप्त्याने भरली जाते. त्याच जागेवर ठेक्याचा माणूस ठेवला तर २४,११३ रुपयांच्या बिलात किती काम होते, याची तुलना करा. कुशल पदांवर फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

कुठे आणि कधी मांडायचे

आयुक्त अंदाजपत्रक साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीला सादर करतात, आणि नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. माहितीचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकले तरच अपील धरून उत्तरे वेळेत हाती येतात. तक्ता तयार झाला की तो मुख्य लेखा अधिकाऱ्यांना लेखी पाठवा आणि आकड्यांतली तफावत कळवण्याची विनंती करा. त्यांनी दुरुस्ती सुचवली तर तक्ता पक्का होतो, उत्तर नाही दिले तर पोच हाती राहते. नंतर प्रत स्थायी समितीच्या सदस्यांना द्या. मागण्या तीनच ठेवा: ठेक्यावरच्या मनुष्यबळाचे स्वतंत्र परिशिष्ट, निवृत्तिवेतनाच्या देण्याचे लेखा मानक १५ (कर्मचारी लाभांच्या हिशेबाचे मानक) प्रमाणे विमागणितज्ज्ञाकडून (ॲक्च्युअरी) मूल्यांकन, आणि निवृत्तिवेतन निधीत दरवर्षी ठरावीक रक्कम टाकण्याचा ठराव. उपसूचना (अंदाजपत्रकात सुचवलेला बदल) म्हणून मांडायच्या असतील तर सोबत लेखाशीर्ष आणि रक्कम लिहून द्या. नुसत्या "तरतूद करावी" अशा उपसूचनेतून प्रत्यक्ष खर्च होत नाही.